बिनलेपाचं भांडं

नेपानगर
३ नोव्हेंबर २०२५

यादवभाऊजी,

फोन तुम्ही उचलत नाही. तीनदा केला, तिन्ही वेळा कापलात. म्हणून लिहिते आहे. नऊ वर्षांत माझं अक्षर विसरला असाल तर खाली नाव बघा.

मोहितचं जमत आलंय. मुलगी नाशिकची, पल्लवी. दोघं एकाच ऑफिसात आहेत, त्यांचं त्यांनी ठरवलंय, मोहित तिच्याशिवाय कोणाचं नाव ऐकत नाही. पण मुलीच्या आईचा होकार अजून नाही. ‘घर बघून सांगते,’ म्हणाल्या. एकवीस डिसेंबरला, रविवारी, सकाळीच येताहेत.

आता खरी गोष्ट. त्या बाईंनी घरातली काळ्या लेपाची सगळी भांडी काढून टाकलीत. लेप उडून पोटात जातो म्हणे. ब्रेडसुद्धा विकतचा नाही, घरी मशीनमध्ये करतात. हे फोनवर ऐकलं आणि आमच्या ह्यांनी ठोकून दिलं, ‘आमच्याकडेही घरचाच ब्रेड, मशीनवरचा. आणि भांडं स्टीलचं, बिनलेपाचं!’ त्या म्हणाल्या, ‘अरे वा, मग नाश्त्याला तुमच्याच घरचा ब्रेड खाऊ.’ फोन ठेवला आणि मला विचारतात, ‘छाया, असं मशीन मिळतं का गं?’

हसू नका. मला रडायला येतंय. पहिल्याच भेटीत सासरा खोटारडा ठरला तर त्या बाई दुसरा प्रश्न विचारणार नाहीत. हेच म्हणाले, ‘मशीन निवडावं तर यादवनेच. मी कोणत्या तोंडाने विचारू? तू लिही.’

त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. मोहित तुमच्या खांद्यावर बसून लोधीपुऱ्याचा बाजार फिरलाय, तेवढं आठवा.

छाया


लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
९ नोव्हेंबर २०२५

छायावहिनी,

नमस्कार लिहिण्याइतकं आपल्यात काही उरलेलं नाही, म्हणून थेट कामाचं.

त्या घरचा फोन उचलणार नाही असं सांगितलं होतं, ते अजून तसंच आहे. लिहिलंत हे बरं केलंत. बोललेलं माणूस फिरवतो, लिहिलेलं फिरवता येत नाही.

बाजारातल्या बहुतेक मशीनचं भांडं ॲल्युमिनियमचं असतं आणि आतून काळा लेप. काहींवर सिरॅमिक लिहितात, लोकांना वाटतं चिनीमाती. तोही फवारलेला लेपच. दुकानदार म्हणेल, ‘साहब, स्टील फिनिश है.’ फिनिश म्हणजे स्टील नव्हे. भांड्यात तळाशी पीठ मळणारं पातं असतं, ते उपसून त्याची खालची बाजू बघायची. पुष्कळदा भांडं कोरं आणि पातं लेपाचं, म्हणजे सगळं मुसळ केरात. पात्याचा दांडा तळातून वर येतो तिथे रबरी चकती असते. ती सुटी मिळते का, हे मी सगळ्यात आधी विचारतो. ही मशीन मोटर जळून मरत नाही, त्या चकतीतून पाणी गळून मरते. आणि व्होल्टेज. बाहेरदेशातून मागवलेली एकशेदहा व्होल्टची निघाली तर पहिल्याच दिवशी धूर.

तुमच्या घरात डिप्लोमावाला माणूस आहे, त्याला हे ठाऊक असायला हवं. तरी सातवी पास माणसाला विचारताय.

इंदूरच्या एका व्यापाऱ्याकडे खऱ्या कोऱ्या स्टीलच्या भांड्याची एक मशीन आहे. साडेसातशे ग्रॅमचा ब्रेड बसतो. मागवून घेतो. आधी माझ्याकडे चालवून बघेन. न तपासलेलं यंत्र मी कोणाच्या घरी पाठवत नाही. दुश्मनाच्याही नाही.

यादव


लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
२ डिसेंबर २०२५

छायावहिनी,

फोपनारहून केळीचा टेम्पो उद्या तुमच्या बाजूला येतोय, त्यात मशीन ठेवतो आहे. खोका उभाच राहील असं बघा.

मापं लिहितो. वाटी-चमचा नाही, काट्यावर तोला. लोकवन गव्हाची कणीक चारशे ग्रॅम, दोनदा चाळलेली. चक्कीवरून आणलेलं पीठ गरम असतं, ते रात्रभर निवू द्या. पाणी दोनशे नव्वद मिली, कोमट, बोटाला ऊनही नाही अन् गारही नाही असं. गूळ पंधरा ग्रॅम, मीठ सहा, तेल वीस, कोरडं यीस्ट पाच. भांड्यात आधी पातं बसवा. ते विसरलात तर साडेतीन तासांनी आत भाजलेलं पीठ मिळेल. मग पाणी, गूळ, मीठ, तेल, त्यावर पीठ, पिठाला खळगा करून त्यात यीस्ट. यीस्टला पाणी आधी लागता कामा नये. प्रोग्राम गव्हाचा लावा, तीन तास चाळीस मिनिटं. मळणं चालू असताना एकदा झाकण उघडून गोळा बघा, कानाच्या पाळीइतका मऊ हवा. त्यानंतर झाकणाला हात लावायचा नाही.

भांडं स्वच्छ ठेवा. तुमच्या घरची भांडी मी पाहिली आहेत, त्यांत तोंड दिसतं. त्याबद्दल मी तुम्हाला सांगायला नको.

यादव


लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
३ डिसेंबर २०२५

अलका,

तुझ्याजवळ लिहितो, कारण भुसावळला तू एकटीच अशी आहेस की मला शिव्या देशील, पण कोणाला सांगणार नाहीस.

आज टेम्पो गेला. दीपकच्या घरी एकवीस तारखेला मोहितच्या सासरचे येताहेत. नाश्त्याला घरचा ब्रेड. आणि तो ब्रेड भांड्यातून निघणार नाही.

कसा, ते ऐक. कोऱ्या स्टीलला कणीक अशी धरते की पाव फाटतो पण भांडं सोडत नाही. मी घरी अकरा ब्रेड केले. पहिले सात कालथ्याने खरवडून गायीला घातले. मग समजलं. भांडं किंचित गरम असताना तुपाचं बोट आतून फिरवायचं, वर चिमूटभर कोरडं पीठ. ब्रेड झाला की लगेच उपडा करायचा नाही, भांड्याला ओलं फडकं गुंडाळून दहा मिनिटं थांबायचं. आणि भांडं घासायचं नाही! नुसतं कोमट पाण्यात ठेवून पुसायचं. आठव्या ब्रेडपासून आतून चहासारखा रंग चढायला लागला. दहावा हलवल्यावर निघाला. अकरावा भांडं वाकडं करताच खाली आला. असं पडताना बघून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग मी ओसरीत बसलो, राख घेतली, चिंच घेतली, काथ्या घेतला आणि तो अकरा ब्रेडचा रंग एका तासात घासून टाकला. भांडं दुकानातल्यासारखं कोरं. छायावहिनीला पत्रात सगळी मापं बरोबर दिली. एक शब्द खोटा नाही. फक्त तूप, ओलं फडकं आणि न घासणं, एवढं लिहिलं नाही. ती बाई रोज राखेने घासणार. भांडं चमकलं नाही तर तिला जेवण जात नाही. म्हणजे रोज ते पुन्हा कोरं होणार.

तू म्हणशील, ‘जाऊ दे भाऊ.’ दरवेळी म्हणतेस. तू तिथे नव्हतीस. मुलगा नेपानगरचाच, म्हणून दीपकच्या क्वार्टरमध्ये माझ्या तृप्तीला बघायला मुलाकडचे पाच जण बसले होते. तृप्ती पोहे घेऊन आली. मुलाची आई पाणी प्यायला आत गेली, बाहेर आली, नवऱ्याच्या कानाला लागली. आणि तो माणूस मला विचारतो, ‘तुमच्या पाटीवर इंजिनीयर लिहिलंय म्हणे. शिक्षण किती?’ मी सांगितलं, सातवी. उठले. बशीतले पोहे तसेच. मी विचारलं, हे यांना कोणी सांगितलं? तर दीपक, माझा दोस्त, मान खाली घालून म्हणतो, ‘मी.’ का? उत्तर नाही. आजपर्यंत नाही. या शहरातले अर्धे पॉवरलूम माझ्या हाताने चालतात, आणि माझ्या मुलीच्या समोर मला त्याने सातवी नापास करून टाकलं. पोरगी बत्तीस वर्षांची झाली, अजून इंदूरला एकटी राहते. ते त्याच्यामुळे.

आता त्याच खोलीत त्याच्या मुलाचे पाहुणे बसतील, आणि ‘घरचाच ब्रेड’ सांगणारा दीपक भांडं आपटत उभा राहील. मला तिथे जायचीही गरज नाही.

तुझा भाऊ


भुसावळ
८ डिसेंबर २०२५

भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. ब्रेडवर सूड! लोक जमिनीवरून भांडतात, बांधावरून भांडतात, आमचा भाऊ राख-चिंच घेऊन भांडं घासत बसला. तास पुरला का? तुझ्या घरची भांडी कधी घासली होतीस रे?

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. मोहितने तुझं काय केलं? आणि ती पल्लवी कोण, तिला तर आपण बघितलंही नाही. तुझी सोयरीक मोडली म्हणून तू पोराची मोडणार. मग दीपकदादात आणि तुझ्यात फरक काय राहिला, तो डिप्लोमाचा?

अजून बारा-तेरा दिवस आहेत. एक कार्ड टाक. ‘तूप लावा, घासू नका.’ चार शब्द. तुला लाज वाटत असेल तर मी लिहिते, पण मग सगळंच लिहीन.

अलका

ता.क. अकरा ब्रेड केलेस आणि बहिणीला एक नाही.


लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
१२ डिसेंबर २०२५

अलका,

तू लिहिणार नाहीस. लिहिलंस तर भाऊबीजेला दार बंद दिसेल. यावर पुन्हा बोलणं नको.

यादव


नेपानगर
२२ डिसेंबर २०२५

भाऊजी,

काल जे झालं ते तुम्हाला कळवायला हवं, मशीन तुम्ही दिली म्हणून.

पहाटे लावली. वास असा सुटला की शेजारच्या क्वार्टरमधून विचारायला आले. पाहुणे साडेनऊला आले. हे त्यांना स्वयंपाकघरातच घेऊन आले, ‘बघा, आत्ताच निघतोय.’ मी भांडं उपडं केलं. निघाला नाही. थापटलं. मोहितने कालथा घातला. मग हे पुढे झाले, माझ्या हातातून भांडं घेऊन कट्ट्यावर आपटलं, एकदा, दोनदा, चारदा. वरचा अर्धा तुटून हातात आला, खालचा आतच. पल्लवीची आई दारात उभी होती. विचारते, ‘रोज करता ना तुम्ही?’ ह्यांचे कान लाल झालेले. मोहित बाहेर जाऊन उभा राहिला.

जेवायला थांबले नाहीत.

मी तुम्ही लिहिलेलं सगळं तोलून केलं होतं. भांडं आरशासारखं ठेवलं होतं. माझं काय चुकलं, तेवढं सांगा. दुसरं काही मागत नाही.

छाया


लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
२६ डिसेंबर २०२५

छायावहिनी,

तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही सगळं बरोबर केलंत. म्हणूनच तसं झालं.

विचारलंत म्हणून सांगतो, आणि हे पत्र दीपकला मोठ्याने वाचून दाखवा. कोऱ्या भांड्याला तुपाचं बोट लागतं. ब्रेड ओल्या फडक्यात दहा मिनिटं थांबवावा लागतो. आणि ते भांडं घासायचं नसतं. हे मला अकरा ब्रेडनंतर समजलं होतं. भांड्याला रंग चढला होता. तो मी स्वतः राखेने काढला आणि मग भांडं तुमच्याकडे पाठवलं. विसरून नाही. ठरवून.

चारदा आपटलं म्हणालात. मी ते वाचून चहा ठेवला आणि पुन्हा वाचलं. कान लाल झाले, हे तर तीनदा. नऊ वर्षं माझे कान कसे होते ते आता त्याला समजलं असेल. त्याला विचारा, पाहुणे उठून जातात तेव्हा खुर्च्यांचा आवाज कसा येतो. मला तो आवाज अजून येतो. मोटर सुरू असतानासुद्धा येतो.

मोहितचं वाईट वाटतं. तृप्तीचं कोणाला वाटलं होतं?

आता आपली बरोबरी झाली. यापुढे या पत्त्यावर लिहू नका.

यादव


नेपानगर
३० डिसेंबर २०२५

भाऊजी,

लिहू नका म्हणालात, पण हे शेवटचं आहे आणि तुम्ही ते पूर्ण वाचणार, तुमचा स्वभावच तो.

ब्रेड निघाला. बावीस तारखेचं माझं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खोटं होतं. भांडं वाकडं केलं आणि ब्रेड ताटात बसला, चारी कोपरे शाबूत. पल्लवीच्या आईने वरून-खालून फिरवून बघितला आणि म्हणाली, ‘माझा अजून तळाला चिकटतो. तुम्ही काय करता?’ तोंडी लावायला शेवभाजी होती, तिने दोनदा मागून घेतली. साखरपुडा फेब्रुवारीत.

भाऊजी, तुम्ही मोटारी ओळखता. मी भांडी ओळखते. टेम्पोतून खोका उतरवला त्याच दुपारी भांडं खिडकीशी नेलं. कारखान्यातून आलेल्या स्टीलवर रेघा सरळ असतात. यात गोल गोल होत्या, काथ्याच्या. दांड्याच्या मुळाशी, जिथे पुरुषाचं बोट पोचत नाही आणि बाईचं पोचतं, तिथे चहाच्या रंगाची एक कडी राहिली होती. मी ती नखाने खरवडून जिभेला लावली. तूप. तेव्हा म्हटलं, यादवभाऊजींनी या भांड्यातून काहीतरी काढून घेतलंय, आणि जे काढून घेतलंय तेच कामाचं असणार. बिडाचा तवा कोणी राखेने घासतं का? मग हेही नाही घासलं, दरवेळी तुपाचं बोट फिरवलं. अठरा दिवसांत पंधरा ब्रेड केले. ओल्या फडक्याचं मला माहीत नव्हतं, ते तुमच्याच पत्रातून समजलं, त्याबद्दल आभार.

मग खोटं का लिहिलं? मला ते तुमच्या हातचं हवं होतं, सहीसकट. नऊ वर्षं हा माणूस दर दिवाळीला म्हणतो, ‘यादवचा राग बरोबर आहे.’ मला त्याला दाखवायचं होतं की बघा, ज्याच्यापुढे मान खाली घालून बसलात तो तुमच्या मुलाचं घर मोडायला निघाला होता. पत्र दाखवलं. ह्यांनी वाचलं, घडी घातली, आणि काय म्हणाले माहीत आहे? ‘बरोबरच आहे त्याचं.’ तेव्हा माझं डोकं सटकलं. म्हणून आता खरं लिहिते.

त्या दिवशी ह्यांनी कोणाला काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. मुलाच्या आईला, पाण्याचा तांब्या देताना. तृप्ती आत माझा पदर धरून रडत होती. तिचा एमएस्सीचा फॉर्म भरलेला होता आणि ती माणसं शिकू देणार नव्हती, हे त्यांनी बाहेर हसत हसत सांगितलंही होतं, तुम्हीही हसलात. मोडायचं होतं, पण पोरीला बोल लागता कामा नये. लगेच उठतील असं काहीतरी हवं होतं. तुमची ती ‘इंजिनीयर’ची पाटी हाताशी होती, ती वापरली. आणि खोटं कशाला बोलू, वापरताना थोडं बरंही वाटलं. माझ्या भाकरीला तुम्ही भर पंगतीत फुटपट्टी लावली होती.

तुम्ही ‘कोणी सांगितलं’ म्हणून ओरडलात तेव्हा मी आतल्या दारात उभी होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, तृप्तीकडे बघितलं आणि ‘मी’ म्हणाले. पोरीने शपथ घातली होती, म्हणून नऊ वर्षं गप्प. परवा तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, ‘काकू, अब बस. लिहून टाका.’

राग धरायचा तर आता माझ्यावर धरा. पण नऊ वर्षं चुकीच्या माणसावर धरलात, त्याचं तुम्हीच बघा.

छाया


लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
३ जानेवारी २०२६

तृप्ती,

छायावहिनीने काय लिहिलंय ते तुला ठाऊक असेल. फोन करू नकोस, लिही.

मी त्या स्थळाची तपासणी पुरी केली होती. मुलाची उंची पाच फूट साडेआठ, स्वतः दाराच्या चौकटीवर मापली. नोकरी कायम असल्याचा कागद डोळ्यांनी पाहिला. दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांचे आजार विचारले. मुलाच्या क्वार्टरला स्वतंत्र नळ होता. मुलाला चष्मा होता, नंबरही विचारून घेतला. दारू-तंबाखूची चौकशी तीन वेगवेगळ्या माणसांकडे केली. त्यात कुठे चूक राहिली, ते मला सापडत नाही. तुला दिसत असेल तर कळव.

बाबा


इंदूर
७ जानेवारी २०२६

बाबा,

यादी बरोबर होती. उसमें कोई गलती नहीं. फक्त तीत मी नव्हते.

तुम्ही त्याच्या चष्म्याचा नंबर विचारलात. मला काही विचारलं नाहीत. आधी नाही, त्या दिवशी नाही, नंतरही नाही. घरी परतताना गाडीत पूर्ण वेळ तुम्ही दीपककाकांना शिव्या देत होतात आणि मी खिडकीशी बसून सुटले म्हणून रडत होते. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, ‘त्याला सोडणार नाही.’ मला वाटलं, आता सांगावं. पण तुमच्या शिव्या पुन्हा सुरू झाल्या आणि धीर झाला नाही. हे माझं चुकलं. काकांना नऊ वर्षं अडकवून ठेवलं, तेही माझंच.

मी इथे एकटी राहते ते कोणामुळे नाही. शिकवते, पोरं ‘मॅम’ म्हणतात, संध्याकाळी गणितं सोडवत बसते. मला आवडतं. हे तुम्ही अलकाआत्याला विचारता, शेजाऱ्यांना विचारता, परवा तर माझ्या घरमालकालाही विचारलंत म्हणे.

त्या दिवशी स्वयंपाकघरात काकूंनी माझे डोळे पुसले आणि एकच विचारलं, ‘तुला जायचंय का?’ बस, इतकंच. नंतर त्यांनी जे केलं ते केलं.

शनिवारच्या बसने येते आहे, दोन दिवस राहणार. काकांकडे कधी जायचं, काय बोलायचं, ते नंतर बघू. आधी माझ्यासमोर बसा आणि तो प्रश्न तुम्ही विचारा. उत्तर तेच आहे. पण मला ते तुम्हाला द्यायचंय.

तृप्ती